खंडेनवमीला घासलेली तलवार

मी तलवारींच्या विरोधात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे एका तलवारीबद्दल बरंच चांगलं बोललं गेलंय आणि ते मी बोललेलं नाही.

पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. फीवाढीविरुद्ध, मेसच्या कंत्राटदाराविरुद्ध, एकदा तर दुसऱ्या एका पत्रकाविरुद्ध. पत्रकाचं शास्त्र सोपं असतं. कोणी केलं, कोणाचं नुकसान झालं, आम्ही काय मागतो. एका पानात बसवायचं, आणि वाचणारा चालता चालता वाचणार हे धरून चालायचं. हे शिक्षण आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणातली एक पदवी घेऊन मी दोन हजारच्या दशकात सिंगापूरला संशोधनाला गेले आणि क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये खोली घेतली.

घर एका मराठी जोडप्याचं होतं. काका जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनियर. काकू आयुष्यभर त्यांची वाट बघून आता ते घरी कायमचे आल्यामुळे जरा वैतागलेल्या. मुलगा-सून बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुंगोलला, रविवारी फोन.

पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, "तू काय करतेस?"

"सांडपाणी आणि चळवळ."

"इथे पहिलं चालेल," काका म्हणाले. त्या दिवसापासून ते मला पुढारी म्हणायला लागले.

काकांना जपानी तलवारींचा नाद होता. नाद म्हणजे इतकी वर्षं फक्त सुट्या भागांचा. जपानच्या बंदरात जहाज लागलं की इतर लोक जिकडे जायचे तिकडे जायचे, आणि काका भंगाराच्या दुकानात जायचे. तिथून त्यांनी त्सुबा जमवल्या होत्या. त्सुबा म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधली चकती, हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून घातलेली. साधारण वाटीच्या तोंडाएवढी, लोखंडाची, तिच्यात कोरून कुठे खेकडा, कुठे बांबू, कुठे पावसातली होडी. काका त्या एका बिस्किटांच्या डब्यात ठेवत. "हे बघ काम," ते म्हणत, "लोखंडात पाऊस पाडलाय." मी म्हणायचे, "कशासाठी? माणूस कापताना आपली बोटं सुरक्षित राहावीत म्हणून." ते डबा बंद करायचे.

त्या वर्षी त्यांनी अख्खी तलवार आणली. इथल्याच एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून, पोलिसांच्या परवान्यासकट. परवान्याच्या तीन झेरॉक्स. कागदपत्रांच्या बाबतीत काका अजून जहाजावरच होते. तलवार साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानात होती, मूठही तसल्याच लाकडाची. कुठून आली, कोणाची होती, काही कळायला मार्ग नाही. दुकानदार म्हणाला, ओल्ड. सिंगापूरमध्ये जपानी तलवार ओल्ड म्हणजे किती ओल्ड, हा प्रश्न मला लगेच पडला. काकांना पडायला वेळ लागला.

त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. मुठीच्या लाकडात पात्याचं जे टोक शिरलेलं असतं, त्याला काका शेपूट म्हणायचे. एक बांबूची खुंटी ठोकून काढली की मूठ निघते आणि शेपूट दिसतं. त्याच्यावर गंज असतो, आणि त्या गंजाला हात लावायचा नसतो. पातं हवं तितकं चमकवा, लवंगेचं तेल लावा, पण शेपटीचा गंज हा तलवारीच्या वयाचा दाखला. तांबूस, भुरभुरा गंज म्हणजे कालचा. काळाभोर, मऊ, चिंचोक्यासारखा गंज म्हणजे शतकांचा. लोहाराची सही खोटी करता येते, गंज तसा सहजी करता येत नाही. हे सगळं मला काकांनी सांगितलं. ज्या माणसाने तीस वर्षं जहाजावर गंज खरवडायला लावून लोकांचा जीव खाल्ला, तो माणूस त्या शेपटीसमोर हात पाठीमागे बांधून बसायचा. मी त्यांना इतकं सोवळं पाळताना दुसऱ्या कशाच्याही बाबतीत पाहिलं नाही.

मग खंडेनवमी आली.

काकूंच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा. हत्यारं म्हणजे विळी, खवणी, शिवणयंत्र, काकांचे पाने आणि मायक्रोमीटर, माझा लॅपटॉप. पूजेआधी सगळं घासूनपुसून लख्ख. काकांनी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून तलवार काढली, मूठ उतरवली, पात्याला तेल लावलं आणि ती जेवणाच्या टेबलावर टॉवेलवर ठेवून झेंडूची फुलं आणायला लिटल इंडियाला गेले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं, पातं चकचकीत आणि मागे हे काळं. नवऱ्याचं काम नेहमीसारखं अर्धवट. त्यांनी चिंच घेतली, मीठ घेतलं, तांब्याची भांडी घासायची पावडर घेतली, आणि शेपूट घासलं. मनापासून घासलं. मी खोलीत होते, घासल्याचा आवाज मला आला होता. मला वाटलं, खवणी.

काका फुलं घेऊन आले तेव्हा शेपूट चमच्यासारखं चमकत होतं.

"हे काय केलंस?"

"घासलं. पूजेला गंजकं ठेवतात का?"

काका खुर्चीवर बसले. फुलांची पिशवी मांडीवरच. मग म्हणाले, "लोहाराची सही तरी ठेवलीस का?"

"ती रेघोट्यांची घाण? ती निघाली नाही," काकू म्हणाल्या. "उद्या परत बघते."

काका उठले. त्यांनीच मूठ न लावता तलवार पाटावर ठेवली. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. पाटावर डावीकडून खवणी, पाने, तलवार, माझा लॅपटॉप. मी विरोध नोंदवला. काकू म्हणाल्या, "तुझा लॅपटॉप काढून घे मग." मी नाही काढला. प्रबंधाचं प्रकरण अडकलेलं होतं.

दुपारी शेजारची आंटी आली. त्या दोघींची ही रोजची वेळ. आंटी चिनी, सत्तरीच्या पुढची, एकटी राहायची. तिचं वाक्यावाक्याला लाह लावणारं इंग्रजी आणि काकूंचं इंग्रजी या दोन वेगळ्या भाषा होत्या, पण त्या दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. बाजारात मासे आंटी निवडायची, कल्ले उघडून बघायची आणि विक्रेत्याला झापायची. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काका पनामाच्या पलीकडे होते. सूप घेऊन रोज आंटी यायची. काकूंच्या अळूवड्या ती गरम असतानाच उभ्या उभ्या खायची. काकूंना या शहरात मैत्रीण म्हणून एवढीच होती. मराठी मंडळात जायच्या, पण तिथून आल्या की डोकं दुखतं म्हणायच्या.

आंटी आत आली, बशी टेबलावर ठेवली, पाटाकडे बघितलं. तलवार, तिच्यावर फुलं, समोर निरांजन. तिने बशी परत उचलली आणि ती गेली. चपलांचा आवाज, तिच्या दाराच्या लोखंडी जाळीचा आवाज, मग आतल्या दाराचा.

"अगं, काय झालं हिला?" काकू मला म्हणाल्या.

मला माहीत होतं. इथे सगळ्यांनाच माहीत असतं. बाहेरून येणाऱ्यांना फक्त ते कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी हे शहर घेतलं तेव्हा चिनी पुरुषांना रांगेत उभं करून निवडलं, ट्रकमध्ये घातलं, आणि ते परत आले नाहीत. मी सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असेन. काकूंनी निरांजनाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तिचे वडील." आंटीने एकदा सांगितलं होतं, वडील लहानपणी गेले. काकूंनी आजार धरला होता.

त्यानंतर आंटी आली नाही. जाळीतून मान हलवायची, पण जाळी उघडायची नाही. काकूंनी वड्या पाठवल्या, बशी धुऊन, पुसून, रिकामी आमच्या दाराबाहेर आली. आजवर तिच्याकडून बशी रिकामी कधी आली नव्हती. काकू बाजारात एकट्या गेल्या आणि शिळं पापलेट घेऊन आल्या. ते तळलं, आम्ही खाल्लं.

एके संध्याकाळी काकूंनी तव्यावरची पोळी तशीच ठेवून सांगितलं, "अहो, ती तलवार तरी राहील या घरात, नाहीतर मी तरी शेजारी जाऊन राहते."

"अगं, ती लढाईतली नाही!" काका म्हणाले. "शेकडो वर्षं जुनी आहे. तिचा आणि आंटीच्या वडिलांचा काय संबंध? लष्करासाठी कारखान्यात काढलेली असती तर वेगळी गोष्ट."

"कशावरून जुनी?"

कशावरून, ते काकूंनी घासून टाकलं होतं.

शेवटी ठरलं ते असं. जुरोंग ईस्टला एक निवृत्त दंतवैद्य राहतात, चिनी गृहस्थ, तलवारी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा या बेटावर नाही. त्यांना दाखवायची. लढाईच्या काळातली निघाली तर काका त्याच दिवशी घराबाहेर काढतील. जुनी निघाली तर काका स्वतः आंटीकडे जाऊन समजावून सांगतील, आणि काकू पुन्हा विषय काढणार नाहीत.

"आणि ही बरोबर जाईल," काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "हिला तलवारी आवडत नाहीत. ही खोटं सांगणार नाही."

"म्हणजे मी सांगेन?" काका म्हणाले.

"तुम्ही मला तीस वर्षं सांगत होतात, पुढच्या महिन्यात सुट्टी मिळेल."

रविवारी आम्ही टॅक्सीने निघालो. तलवार जुन्या पडद्यात गुंडाळलेली, परवान्याच्या तिन्ही झेरॉक्स काकांच्या खिशात. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलगी दाखवायला निघाल्यासारखे दिसत होते, पण हे मी बोलले नाही.

डॉक्टरांच्या काँडोमध्ये सगळं पांढरं होतं. पांढरी भिंत, पांढरं कापड, एक दिवा. त्यांनी तलवार दोन्ही हातांवर घेतली, तिला वाकून नमस्कार केला आणि म्यानातून काढली. मी लगेच विचारलं, "नमस्कार कशाला? हिने काय चांगलं केलंय?"

डॉक्टरांनी एक शब्दही न बोलता खिशातून घडी घातलेला मऊ कागद काढला आणि मला ओठांत धरायला दिला. काकांनी मराठीत समजावलं, उघड्या पात्यावर बोलायचं नसतं, थुंकी उडते, गंज चढतो; जुनी रीत आहे, कागद धरला की तोंड बंद राहतं. काकांनी हे फार आनंदाने समजावलं. आजवर कागद माझ्या हातात असायचा आणि गप्प दुसऱ्यांनी बसायचं असायचं. मी तो कागद धरून उभी राहिले.

डॉक्टर मूठ न काढताच पातं बघत होते. पारख आधी पात्यावरूनच करायची, शेपूट शेवटी बघायचं, उत्तर तपासायला. दिव्याखाली पातं तिरकं, तोंडापासून लांब धरून ते एकेक सांगत होते. बाक कुठे आहे, टोकाकडे पातं किती निमुळतं होतं. पोलादाचा पोत नाशपातीच्या सालीसारखा. धारेलगत पाणी दिलेली पांढरी रेघ, लवंगेच्या कळ्या ओळीने मांडल्यासारखी, तिच्यावर धुकं. नाशपाती, लवंग, धुकं. कापणे हे क्रियापद एकदाही नाही. मी कागदाआडून जे म्हणायचं ते म्हटलं, ते कोणाला कळलं नाही.

"जुनी आहे," डॉक्टर म्हणाले. "लढाईच्या खूप आधीची. वारंवार पॉलिश करून झिजलीय. चांगल्या लोहाराची आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी खुंटी काढली आणि मूठ उतरवली.

ते बराच वेळ गप्प होते. त्यांनी तर कागदही धरलेला नव्हता.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

"बायकोने," काका म्हणाले. "धार्मिक कारण."

"मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, दात घासा," डॉक्टर म्हणाले. "मूळ घासा असं नाही सांगितलं."

डॉक्टरांनी चष्मा बदलला आणि दात बघायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा काढला. शेपटीला दोन भोकं होती, खुंटी ठोकायची. काका घाईने म्हणाले, "दोन असतातच. जुन्या तलवारींना मूठ बदलली की नवं भोक पाडतात. दोन-तीन सापडतात." डॉक्टर म्हणाले, हो, सापडतात. ते आरसा भोकांत घालून बघत होते. सांगत काहीच नव्हते.

"द्या जरा," काका म्हणाले.

त्यांनी आरसा घेतला. पहिल्या भोकात बघितलं, मग दुसऱ्यात. मग परत पहिल्यात. मग शेपूट दिव्याकडे वळवून दुसऱ्या भोकाच्या कडेवरून करंगळीचं नख फिरवलं. गंज असताना दोन्ही सारखीच काळी दिसायची. आता घासल्यामुळे कड उघडी पडली होती. पहिलं भोक वेडंवाकडं, हाताने ठोकून पाडलेलं. दुसरं गोल.

"मशीनचं आहे," काका म्हणाले.

"नक्की सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "नंतर कोणी संग्राहकानेही पाडलेलं असू शकतं."

"ड्रिल आहे. आत फिरल्याच्या रेघा दिसतायत. आणि गंज आहे त्या रेघांत, म्हणजे अगदी अलीकडचंही नाही." काकांनी आरसा पांढऱ्या कापडावर ठेवला. "जुनं पातं. घरातलं असेल कोणाच्या. लढाईत गेलं तेव्हा लष्करी मूठ बसवायला भोक मारलं."

डॉक्टर म्हणाले, "असं पुष्कळांनी केलं."

मी कागद काढला. हे सगळं मी म्हणणार होते, आणि ते काकांनीच म्हणून टाकलं होतं.

परतताना टॅक्सीत काका मांडीवर आडवा पडदा धरून बसले होते. मी म्हटलं, "ठरलं होतं ते काटेकोर बघितलं तर तुम्ही जिंकलात. जुनी आहे."

"पुढारी," काका म्हणाले, "तू तुझं सांडपाणी बघ."

घरी काकू दारातच होत्या. "काय निघालं?" त्यांनी मला विचारलं, काकांना नाही.

उत्तर काकांनी दिलं. "जुनी आहे. पण लढाईत होती. कोणातरी अधिकाऱ्याच्या कमरेला."

"इथे?"

"इथे सापडली म्हणजे इथेच असणार."

काकू पदराला हात पुसत राहिल्या. मी म्हटलं, "संग्रहालयात द्या. खाली पाटी लावा, हिने काय केलं त्याची." काका म्हणाले, "काय केलं हे तुला माहीत आहे? मला तर एवढंच माहीत आहे की भोक पाडलंय. डॉक्टरकडे देतो, तो नीट ठेवेल." मी म्हटलं, नीट कशाला ठेवायची? आवाज वाढले. काकू म्हणाल्या, "तुम्ही दोघं कशाला ठरवताय? तिला विचारा."

मग आम्ही तिघं शेजारच्या जाळीसमोर उभे राहिलो. तलवार घरातच, कपाटात ठेवली होती. आंटीने आतलं दार उघडलं, जाळी नाही.

काकांनी चीफ इंजिनियरच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पातं किती जुनं, भोक कसलं, शक्यता काय. एखाद्या बिघाडाचा अहवाल द्यावा तसं, काहीही न लपवता. आंटीने सगळं ऐकून घेतलं.

"ओल्ड, न्यू, सेम सेम," ती म्हणाली. "माय फादर ऑल्सो नेव्हर आस्क हाऊ ओल्ड."

ती काकूंकडे वळली.

"व्हाय यू पुट फ्लॉवर?" तिने काकूंना विचारलं. तिला लागलं होतं ते हे. तलवार ठेवणारे तिने आधीही पाहिले असतील. तलवारीला फुलं वाहून, दिवा लावून, खाऊ दाखवणारी तिची मैत्रीण तिने पहिल्यांदा पाहिली होती.

काकूंनी समजावायला घेतलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यालाच फुलं वाहतो. नारळ खवायचं हत्यार, शिवायचं मशीन, ह्यांचे स्पॅनर. "एव्हरीथिंग वुई युज. दॅट डे वुई से थँक यू."

"स्पॅनर ऑल्सो?"

"स्पॅनर ऑल्सो. हर कॉम्प्युटर ऑल्सो."

आंटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. धर्माच्या बाजूने साक्ष द्यायची माझी ती पहिलीच वेळ.

"स्पॅनर कॅन," आंटी म्हणाली; इथे कॅन म्हणजे चालेल. "दॅट वन, यू युज फॉर व्हॉट?"

काकूंनी काकांकडे बघितलं.

"नथिंग," काका म्हणाले. "ओन्ली लुकिंग."

आंटीने मान हलवली. मग म्हणाली, "टेक आऊट, लाह."

"टुमॉरो मॉर्निंग आय विल—"

"टुडे."

काकांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तलवार घेऊन आम्ही पुन्हा खाली उतरलो, पुन्हा टॅक्सी, पुन्हा जुरोंग ईस्ट. या खेपेला कोणी कागद दिला नाही. काकांनी म्यानासकट तलवार डॉक्टरांच्या हातात ठेवली आणि परवाना बदलायला काय करावं लागेल तेवढंच बोलले. डॉक्टर म्हणाले, कधीही येऊन बघू शकता. काका म्हणाले, बघू. तलवारीला नमस्कार करावा की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं, हे मला दिसलं. शेवटी त्यांनी तो डॉक्टरांना केला.

संग्रहालयाचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पाटी लावायला हवी, असं मला आजही वाटतं. त्या विषयावर मी नंतर पत्रक लिहायलाही बसले होते. कोणी केलं, कोणाचं नुकसान झालं, इथपर्यंत नीट झालं. आम्ही काय मागतो, तिथे आंटीने जे मागितलं होतं तेच लिहावं लागलं असतं, आणि ते तर तिला मिळून चुकलं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा शेजारची जाळी बाहेरून कुलूप लावून बंद होती आणि आमचं दार सताड उघडं होतं. आंटी आत खुर्चीवर बसली होती, कपाटाकडे पाठ करून. कपाट रिकामं आहे हे तिला सांगितलेलं असणार, तरी पाठ करून. तिच्या हातात वडी होती आणि ती काकूंना पापलेटवरून झापत होती. कल्ले बघितले नाहीस? नाही? डोळे तरी?

काका चपला काढून दारातच उभे राहिले. कॉरिडॉरमधून तसंच आत यावं की काही बोलून यावं, याचा विचार करत होते बहुधा.

"क्लोज द डोअर, लाह," आंटी वळून न बघता म्हणाली. "मॉस्किटो कमिंग इन."